हायड्रोजन बंद होता

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना आधी रात्र लागते. अमावस्या लागते. कुठेतरी कुत्रं रडावं लागतं.

इथे यातलं काहीही नाही. ही गोष्ट दुपारची आहे, मे महिन्यातली, बाहेर डांबर मऊ होत असतानाची. जागा नवी मुंबई. रबाळे एमआयडीसीच्या मागे, डोंगराच्या अंगाला असलेली एक खासगी संशोधन संस्था. नाव सांगणार नाही. संस्था चालू आहे, आणि ते मशीनही चालू आहे.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा चुलतभाऊ, रूपेश. तळवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे. शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, आणि अजून माझ्या कानांतून जात नाही.

रूपेशची पीएचडी चालू होती. चालू म्हणजे, रखडली होती. त्याचे वडील, आमचे गोटीरामकाका, गावभर सांगत फिरायचे, "पोरगा डॉक्टर होनार हाय." लोक विचारायचे, "कोनच्या हास्पिटलात?" काका तोंड पाडून घरी यायचे. मी तर हौसेने नाक्यावर लावायला फ्लेक्सही छापून आणला होता. 'डॉ. रूपेश यांचे हार्दिक अभिनंदन.' तो गुंडाळी करून कपाटावर पडून होता. त्यावर धूळ बसली तशी काका त्याच्याकडे बघायचेही बंद झाले.

काम काय होतं, ते त्याने मला एकदा टपरीवर समजावलं होतं.

"काचेची नळी आहे. आतली हवा काढून टाकायची, थोडा आर्गॉन वायू सोडायचा आणि विजेचा झटका द्यायचा. टक! आत क्षणभर प्लाझ्मा पेटतो. त्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉनची किती गर्दी आहे, ते मोजायचं."

"मोजणार कसं? आत हात घालून?"

"उजेड बघून. आर्गॉनमध्ये चिमूटभर हायड्रोजन मिसळायचा. तो चमकला की मॉनिटरवर त्याची निळी-हिरवी रेघ येते. आजूबाजूला इलेक्ट्रॉनची गर्दी जेवढी जास्त, तेवढी ती रेघ फुगते. रेघ किती जाड, त्यावरून गर्दी किती. बस, एवढाच खेळ."

"आणि हायड्रोजन नसला तर?"

"रेघ नाही. रेघ नाही तर माप नाही. माप नाही तर घंटा पीएचडी."

तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

त्याच्या लॅबमध्ये संध्या नावाची मुलगी होती. कोपरखैरण्याची. कामात चोख, पण एक खोड होती तिला. नळीला उजेड बाहेर यायला एक गोल काच असते. संध्या त्या काचेवर तोंडाने "हाऽऽ" करून वाफ धरायची आणि ओढणीने पुसायची. त्यांचे गाइड शहाजी सर भडकायचे. तोंडाची वाफ म्हणजे पाणी, आणि असल्या मशीनला पाण्याचा थेंबसुद्धा वैरी. संध्या सॉरी म्हणायची आणि सर वळले की पुन्हा "हाऽऽ" करायची.

लॅब तळघरात. उजेड मोजायचा म्हणून भर दुपारी काळे पडदे ओढून अंधार केलेला. हवा खेळती राहावी म्हणून भिंतीत मोठा पंखा होता. पण पंखा फिरला की टेबल थरथरायचं, आणि टेबल थरथरलं की रेघ हलायची. म्हणून रीडिंग घेताना सगळेच तो बंद करायचे.

एका नव्या मुलाने विचारलं होतं, "सर, हे सेफ आहे ना?"

सर म्हणाले, "पंखा हवा की डिग्री हवी, एकदा ठरवा."

त्यानंतर कोणी विचारलं नाही.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, संध्या एकटी खाली होती. पंखा बंद होता. आर्गॉनची नळी सांध्यातून सुटली. आर्गॉनला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. संध्या काहीतरी जोडायला टेबलाखाली वाकली.

वर आलीच नाही.

डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, "झोप लागावी तसं झालं. तिला कळलंसुद्धा नसेल." त्या माउलीला तेवढाच आधार होता.

पुढे समिती बसली. समितीने काय केलं, माहीत आहे? हायड्रोजनचं सिलिंडर उचलून नेलं. मारलं आर्गॉनने, हद्दपार केलं हायड्रोजनला. पंख्याचं बटण काढून तो कायमचा चालू ठेवला, टेबलाखाली रबर घातलं, आणि भिंतीवर ऑक्सिजन मोजणारा अलार्म बसवला. लॅबला जवळपास वर्षभर टाळं.

टाळं निघालं तेव्हा रूपेशची मुदत संपत आली होती. मे अखेर प्रबंध दिला नाही तर नाव कटणार होतं. इतकी वर्षं पाण्यात. हायड्रोजन परत मिळावा म्हणून अर्ज केला, तो कुठल्यातरी टेबलावर झोपला. थोडा हायड्रोजन मिळेल म्हणून आर्गॉन पाण्यातून सोडून पाहिला, तर ओलाव्याने प्लाझ्माच विझायचा.

"मला रेघ दाखव," सर म्हणाले. "कशी आणलीस ते मी विचारणार नाही."

त्या दुपारी तो एकटाच खाली होता. काळे पडदे ओढलेले. पंखा घरघरत होता. नळीत नुसता आर्गॉन. मशीन चालू आहे का, एवढंच बघायला त्याने झटके सुरू केले.

टक… टक… टक…

दर झटक्याला नळीत जांभळा उजेड. मॉनिटरवर आर्गॉनच्या रेघा. हायड्रोजनची जागा रिकामी.

आणि मग…

पंख्याचा आवाज थांबला.

त्याने मान वर केली. पाती फिरत होती. जोरात फिरत होती. पण आवाज नव्हता.

त्याने मॉनिटरकडे पाहिलं.

रिकाम्या जागी… रेघ उगवत होती.

निळी-हिरवी. वर चढली. उतरली. नाहीशी झाली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते संशोधकाचंच. गळती असेल. सांध्यातून बाहेरची दमट हवा आत जात असेल. पण गळती असती तर दाबाचा काटा हलला असता. काटा जागच्या जागी होता.

बाहेरून काही येत नव्हतं.

जे होतं ते… आतच होतं.

रेघ चढत होती, उतरत होती. आता भराभर. रूपेश बघत राहिला. ही चाल त्याच्या ओळखीची होती. आजीच्या शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी बसून त्याने हीच चाल बघितली होती.

श्वास.

श्वासात वाफ असते. वाफेत पाणी. पाण्यात हायड्रोजन.

कुणीतरी त्या नळीच्या आत श्वास घेत होतं. घाईघाईने. अधाशासारखं. मग रेघा लांब लांब अंतराने यायला लागल्या. एक आली. मग बराच वेळ काही नाही. मग एक छोटीशी…

आणि थांबलं.

त्याने दचकून मशीन बंद केलं. नळी काळोखी झाली.

आणि त्याच्या पाठीमागे, अगदी मानेजवळ, कुणीतरी खोल श्वास घेतला. पाण्याखाली दाबून धरलेल्या माणसाला वर सोडावं, तसा.

"हाऽऽऽ…"

पंखा पुन्हा घरघरायला लागला.

रूपेश पळत वर आला. गेटबाहेर उन्हात उभा राहून त्याने मला फोन केला. नुसता धापा टाकत होता.

आता तुम्हाला वाटेल, असं झाल्यावर माणूस पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही.

तो दुसऱ्या दिवशी गेला.

कारण घाबरायच्या आधी त्याच्या बोटाने सवयीने सेव्हचं बटण दाबलं होतं. रात्री घरी त्याने ती रेघ उघडून पाहिली. इतकी स्वच्छ रेघ त्याला सिलिंडरच्या हायड्रोजननेही कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दुपारी तेच झालं. टक… टक… टक… पंख्याचा आवाज गेला. रेघ आली. घाईघाईने, मग लांब लांब, मग थांबली. बंद केलं की मागे तो खोल श्वास. त्याने पुन्हा चालू केलं. श्वास अर्ध्यात तुटला आणि रेघ पुन्हा धडपडायला लागली.

तेव्हा त्याला सगळं कळलं. मशीन चालू असलं की तिचा श्वास नळीत ओढला जातो. बंद केलं की तिला हवा मिळते. आणि डॉक्टर जे तिच्या आईला म्हणाले होते, ते खोटं होतं. तिला कळलं होतं. शेवटपर्यंत कळत होतं.

हे कळल्यावर माझ्या भावाने काय केलं, ते मला सांगायला लाज वाटते.

त्याने रीडिंग घेतली.

रोज दुपारी. ती रोज मरायची आणि तो रोज मोजायचा. व्होल्टेज थोडं वाढवायचं, रेघ किती फुगली ते बघायचं. सुरुवातीला तो मधे मधे मशीन बंद करून तिला श्वास घेऊ द्यायचा. मग मुदत जवळ आली, तशी ती उसंतही त्याने काढून घेतली. थांबलेली रेघ व्होल्टेज वाढवलं की पुन्हा थोडी उठायची, हे त्याच्या लक्षात आलं होतं. शहाजी सर आलेख बघून खुश झाले. "याला म्हणतात काम," म्हणाले.

एक दिवस त्या गोल काचेवर वाफ धरली. त्याने रुमालाने पुसली. गेली नाही.

वाफ आतून होती.

त्या नळीत हवाच नसते म्हटल्यावर वाफ कुठून येणार? पण आली होती. आणि त्या वाफेत… एक तळवा उमटला. आतून टेकवलेला. बोटं पसरलेली. मग ती बोटं काचेवरून घसरत खाली गेली.

रूपेश काचेच्या अगदी जवळ गेला. आणि हळू आवाजात म्हणाला,

"सॉरी संध्या. फक्त दोन रीडिंग राहिलीत."

तळवा तसाच राहिला. मग वाफ विरली.

ती दोन रीडिंग त्याने दुसऱ्या दिवसावर ठेवली. मुदतीचा शेवटचा दिवस होता तो. निघताना त्याची आई, गोजराकाकी, दारात उभी होती. "डबा तरी खा रं येलेवर. तोंड बग कसा झायलंय तुजा." त्याने डबा घेतला आणि लॅबच्या पायरीवर विसरला.

टक… टक… टक…

पंख्याचा आवाज गेला. त्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं. तो मॉनिटरकडे बघत बसला.

रेघ आली नाही.

व्होल्टेज वाढवलं. नाही. आणखी वाढवलं. नाही. इतकी वर्षं, आणि दोन रीडिंगसाठी सगळं जाणार. "ये ना," तो म्हणाला. "अगं ये ना, प्लीज, आजच्या दिवस…"

आणि रेघ आली.

जोरदार. सणसणीत. अशी की मॉनिटरच्या वरच्या कडेला टेकली. तो आनंदाने ओरडलाच. सेव्हवर बोट नेलं आणि…

त्याला जरा दम लागल्यासारखं झालं.

रेघ उतरली. त्याने श्वास सोडला. रेघ चढली.

त्याने श्वास घेतला… रेघ उतरली.

त्याने श्वास रोखून धरला.

रेघ नाहीशी झाली.

पाठीमागे, दारापाशी, कुणीतरी पोटभर श्वास घेतला. शांतपणे. मग सोडला. मग पुन्हा घेतला. काळा पडदा बाजूला सरला. दार उघडलं, उन्हाची एक पट्टी आत आली. जिन्यावर पावलं वाजली. घाई नव्हती त्यांना. दार लागलं.

ती गेली होती.

तळघरात आता तो एकटा होता, आणि त्याचा श्वास नळीत होता.

छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. भिंतीवरचा अलार्म हिरवा होता. ऑक्सिजन पुरेपूर. हवा होती, नाक उघडं होतं, तोंड उघडं होतं, आणि आत काहीच जात नव्हतं. मशीनचं बटण हाताच्या अंतरावर होतं. बंद केलं असतं तर तिथेच सुटला असता. निदान मला तरी असं वाटतं.

पण दोन रीडिंग राहिली होती.

त्याने पहिलं घेतलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. व्होल्टेज वाढवून दुसरं घेतलं. सेव्ह केलं. मग बटण बंद करायला हात पुढे केला आणि टेबलाखाली कोसळला.

वॉचमनने पडद्यातून डोकावून मेन स्विच पाडला, म्हणून वाचला. कुणीतरी मुलगी पायऱ्या चढून गेल्यासारखी वाटली, पण दिसली नाही, म्हणून तो खाली बघायला आला होता.

प्रबंध त्याच संध्याकाळी गेला. हायड्रोजन कुठून आणला, त्या जागी रूपेशने जुन्या सिलिंडरचा नंबर टाकला. पुढे डिग्री मिळाली. मी फ्लेक्सवरची धूळ झटकली आणि नाक्यावर लावला. काकांनी पेढे वाटले. आता कुणी हॉस्पिटल विचारलं तरी तोंड पाडायचे नाहीत.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगितलीच नसती.

मशीन लॅबमध्येच राहिलं. शहाजी सरांनी ते मोनाली नावाच्या नव्या मुलीला दिलं. साताऱ्याकडची, गरिबीतून आलेली, हुशार. स्कॉलरशिप वर्षभराचीच. हायड्रोजनचा अर्ज अजून त्याच टेबलावर.

आणि रूपेशला दुपारी धाप लागायला लागली.

रोज नाही. लॅबला सुट्टी असली की नाही. मी स्वतः ताडून पाहिलंय. बोटाला लावायचं यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं. छातीचे फोटो स्वच्छ. वाशीचे मोठे डॉक्टर म्हणाले, "टेन्शन आहे." टेन्शनने ओठ निळे पडतात का हो?

मी त्याला म्हटलं, "सरांना सांग सगळं." तो म्हणाला, "काय सांगू? रेघ कुठून आली ते? डिग्री काढून घेतील. बाबांना काय सांगू?" म्हणून त्याने तोंड मिटून ठेवलं.

मागच्या महिन्यात एका दुपारी गोजराकाकीने मला भिंतीवर थापा मारून हाक दिली. मी धावलो. रूपेश जमिनीवर पडला होता. डोळे बाहेर आलेले, बोटं फरशी ओरबाडत होती.

"बग ना रं याला, धनेश. सकाली चांगला होता. दुपार झाली का जीव घाबरतंय त्याचा." काकी पदराने त्याला वारा घालत होती. हवेची कमी नव्हती, हे तिला कसं सांगणार?

त्याने फोनकडे बोट दाखवलं. मी मोनालीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

तिने उचलला. मागे आवाज येत होता.

टक… टक… टक…

"मोनाली," रूपेश घशातून कसाबसा बोलला, "मशीन… चालू आहे?"

"हो सर! तुम्हाला सांगणारच होते. हायड्रोजन न सोडताच लाइन येतेय. एकदम क्लीन. शहाजी सर जाम खुश आहेत."

"बंद कर… प्लीज… बंद कर…"

"का सर? काय झालं?"

"तो श्वास… माझा…"

टक… टक… आणि मग तो आवाज थांबला. तिने मशीन बंद केलं होतं.

रूपेशने छाती भरून श्वास घेतला. "हाऽऽऽ…" असा, की काकी तोंडात पदर धरून रडायला लागली. त्याच्या गालांवर रंग आला. माझ्या हातातला फोन अजून चालू होता. मोनाली ऐकत होती. तिने तो श्वास ऐकला होता.

"मोनाली?" मी म्हटलं. "ऐकलंस ना? पोरी, आता ते लावू नकोस. हात जोडतो तुला."

तिच्या मागे पंख्याची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली होती.

मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी.

"सॉरी सर," ती म्हणाली. "फक्त दोन रीडिंग राहिलीत."

टक…